जिप्सी किंग १९९८ (कार्बोरेटर): बेल हाउसिंगखाली ऑइल ठिबकतंय, गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासायचं?

डोंगरगाडी :
गाडी १९९८ची जिप्सी किंग, जी१३बीए इंजिन, आठ व्हॉल्व्ह, कार्बोरेटर. रात्रभर उभी राहिली की सकाळी बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) बरोबर खाली ऑइलचा डाग पडलेला असतो. घाट चढून आल्यावर डाग मोठा, सपाट रस्त्यावर चालवल्यावर लहान. हजार किलोमीटरमागे साधारण अर्धा लीटर ऑइल टाकावं लागतं. २०डब्ल्यू४० वापरतो. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, क्लच सरकत नाही.

इंजिनची मागची बाजू, म्हणजे फायरवॉलकडची, वरपासून खालपर्यंत काळी चिकट आहे. पुढे टायमिंग कव्हरच्या खालच्या टोकालाही ओल दिसते. चेंबरच्या (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) कडेलाही आहे, पण ते वरून ओघळून आलेलं आहे की तिथूनच येतंय ते कळत नाही. गॅरेजवाल्याने खालून बॅटरी मारून बघितलं आणि 'मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल' असं सांगितलं.

काम घरीच करायचं आहे. दोन टनी जॅक, चार घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), बॉक्स सेट आणि छोटा टॉर्क पाना आहे. सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं रबर) खरंच गेलंय याची खात्री कशी करायची, आणि गेलं नसेल तर ऑइल कुठून येत असेल?

पाना_दहा_बारा :
गिअरबॉक्सला हात लावू नका अजून. या इंजिनात डिस्ट्रीब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला टेकल्यासारखा बसतो. तिथून गळलेलं ऑइल हेडच्या मागून ब्लॉकवर आणि ब्लॉकवरून बेल हाउसिंगच्या सांध्यावर येतं. खालून पाहणाऱ्याला ते हुबेहूब क्रँक सीलची गळती वाटते. क्रँक सील बदलूनही डाग तसाच राहिलेल्या जिप्सी बऱ्याच निघतात, त्याचं कारण हेच.

पहिलं काम म्हणजे इंजिन धुणं. हे टाळून कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही. इंजिन थंड असताना डिस्ट्रीब्युटर, कॉइल, अल्टरनेटर आणि कार्बोरेटरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी नीट बांधा. डिझेल किंवा रॉकेल ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, जाड थर खरवडून काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर असेल तर तो डिस्ट्रीब्युटरवर आणि टायमिंग कव्हरच्या सांध्यावर रोखू नका. पूर्ण वाळल्याशिवाय, आणि डिझेल-रॉकेलचा वास जाईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापला की राहिलेलं रॉकेल पेट घेऊ शकतं.

वाळल्यावर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा: टॅपेट कव्हरची मागची कड, डिस्ट्रीब्युटरच्या केसचा (त्याचा गिअर ज्यात फिरतो तो हेडला बोल्टने बसवलेला भाग) सांधा, फ्युएल पंपाची बैठक, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची कड, चेंबरचा काठ. इंजिन सुरू करून गरम होऊ द्या, मग पंधरा मिनिटं उभ्या जागी १५०० ते २००० आरपीएमवर चालवा. रस्त्यावर नेऊ नका, वाऱ्याने ऑइल मागे उडतं आणि सगळं पुन्हा एकसारखं ओलं होतं. पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते ती जागा गळतीची. नियम एकच, सगळ्यात वरची ओली जागा आधी दुरुस्त करायची. तिच्या खालच्या निम्म्या गळत्या आपोआप 'बऱ्या' होतात.

मोबाइलचा कॅमेरा फायरवॉल आणि हेडच्या फटीत घालून व्हिडिओ काढा. डोकं तिथे जात नाही, मोबाइल जातो.

आता बेल हाउसिंगचं. खाली जे ठिबकतं ते आधी बोटांवर घेऊन पाहा. वापरलेलं इंजिन ऑइल काळं आणि पातळ असतं. गिअर ऑइल दाट, पिवळट-तपकिरी असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. गिअर ऑइल निघालं तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलंय आणि इंजिनाचा काही संबंध नाही. इंजिन ऑइल असेल तर बेल हाउसिंगच्या खालची पत्र्याची प्लेट खोला. आतली बाजू आणि फ्लायव्हीलची इंजिनाकडची कड कोरडी असेल, फक्त बाहेरून ओघळ असेल, तर क्रँक सील निर्दोष. आतून ओलं असेल, फ्लायव्हीलने ऑइल गोल फेकल्याच्या रेषा असतील, तरच सीलवर ठपका ठेवा.

घाटात वाढतं म्हणालात, तेही वरच्या-मागच्या गळतीशी जुळतं. चढावर ऑइल हेडच्या मागच्या अंगाला साठतं आणि डिस्ट्रीब्युटरच्या केसपाशी पातळी चढते. चढाचा जोर क्रँककेसमधला दाबही वाढवतो, तो मुद्दा वेगळा, त्यावर कोणीतरी लिहीलच.

तेलकट_हात :
लिहितो. सील आणि पॅकिंग बदलण्याआधी इंजिनाचा श्वास मोकळा आहे का ते बघा. बॅक कॉम्प्रेशन (क्रँककेसमध्ये साठलेला दाब) असेल तर नवं सीलही लवकर ओलं होतं आणि दोष पार्टला दिला जातो.

टॅपेट कव्हरमधून निघून इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारा पाइप आणि त्यातला पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ बाहेर ओढू देणारा), या दोन गोष्टी तपासा. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला की आतला तुकडा खुळखुळला पाहिजे. आवाज नाही म्हणजे काजळी-ऑइलने चिकटला. कार्बोरेटर क्लीनरने धुतल्यावर मोकळा झाला तरी ठीक, पण पार्ट स्वस्त आहे, नवाच घाला. इंजिन आयडलवर असताना व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट धरलं की ओढ जाणवली पाहिजे. ओढ नसेल तर मॅनिफोल्डकडचं भोक बुजलंय. पाइप आतून फुगलेला किंवा वळणावर चपटा झालेला असतो, तोही बदला. साधा पाण्याचा रबरी पाइप घालू नका, ऑइलच्या वाफेने तो मऊ पडून ओढीने आतून चिकटतो. ऑइलला टिकणारा पाइप घ्या.

दाब मोजायला महागडं काही लागत नाही. पातळ पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात लाकडी पट्टीला बांधा, तळाशी थोडं पाणी भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीवर हवाबंद बसवा. आयडलवर पाणी डिपस्टिकच्या बाजूला जरासं वर चढलं तर आत किंचित ओढ आहे, म्हणजे तब्येत चांगली. पाणी उलट दिशेला ढकललं गेलं तर पीसीव्ही बंद आहे किंवा रिंगा दमल्यात. आरपीएम वाढवण्याआधी नळी पुरेशी उंच ठेवा, नाहीतर पाणी बाहेर उडेल.

पीसीव्ही ठीक असूनही दाब असेल तर कॉम्प्रेशन बघा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलचं कनेक्शन काढलेलं, ॲक्सिलरेटर तळापर्यंत. या इंजिनाला सुमारे १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर यायला हवं. १२ च्या खाली किंवा दोन सिलिंडरमध्ये १ पेक्षा जास्त फरक म्हणजे दुखणं आतलं आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. रिंगा गेलेल्या असतील तर सीलवर पैसे घालण्यात अर्थ नाही, आधी इंजिनाचा निर्णय घ्या.

एक आणखी. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी घटण्याऐवजी वाढत असेल तर हेडवरच्या मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटलाय. पेट्रोल मिसळून पातळ झालेलं ऑइल प्रत्येक सांध्यातून झिरपतं, आणि बेअरिंगलाही तेच मारतं. अशी गाडी पंप आणि ऑइल बदलेपर्यंत चालवू नका.

मिरज_वर्कशॉप :
डिस्ट्रीब्युटरबद्दल सहमत, पण एक भर घालतो. पत्र्याची प्लेट काढून आतून कोरडं दिसलं म्हणून सीलला लगेच प्रमाणपत्र देऊ नका. थंड इंजिनात ऑइल दाट असतं आणि सील कमी सोडतं; गरम झाल्यावर, जोरावर चालवल्यावर सोडतं. प्लेट काढण्याआधी गाडी चांगली तापवून आणा, तासभर उभी ठेवा, मग बघा. दुसरं, प्रेशर स्विच. फिल्टरच्या शेजारचा हा स्विच आतून फाटला की वायरीच्या टोकातून, म्हणजे प्लास्टिकच्या भागातून ऑइल येतं. ते पूर्ण दाबाखालचं ऑइल असतं, त्यामुळे भोक सुईएवढं असलं तरी गळती भरपूर. वायरीची टोपी काढा. आत ऑइल असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही, स्विच बदला. त्याचे आटे निमुळते असतात, १२ ते १५ न्यूटन मीटर पुरे. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे तुकडे ऑइलच्या वाटेत जातात, आणि या स्विचची अर्थिंग आट्यांमधूनच होते, टेप जाड झाली की मीटरवरचा दिवा लागतच नाही. द्रव थ्रेड सीलंट, तोही पहिले दोन आटे सोडून.

पाना_दहा_बारा :
डिस्ट्रीब्युटर आणि टॅपेट कव्हर एकाच बैठकीत करा, कारण दोन्हीला तीच जागा मोकळी करावी लागते.

आधी काय आणायचं: डिस्ट्रीब्युटरच्या दांड्यावरची ओ-रिंग, केस आणि हेडच्या मधलं पॅकिंग (तुमच्या गाडीत जे निघेल त्याच जातीचं), टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग, कव्हरच्या बोल्टखालचे रबरी सील वायसर, फ्युएल पंपाचं पॅकिंग. वायसर विसरू नका. रबर कडक झालं की बोल्ट तळाला टेकतो पण कव्हरवर दाब येत नाही, मग लोक बोल्ट आणखी आवळतात आणि हेडमधले आटे घालवतात.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. क्रँक फिरवून एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणा. डिस्ट्रीब्युटर कॅप वायरींसकट बाजूला करा, रोटर कुठे बघतोय त्याची खूण केसवर आणि डिस्ट्रीब्युटरच्या अंगाची खूण बैठकीवर टोकदार खिळ्याने ओढा. मार्करची खूण डिझेलने पुसली जाते. व्हॅक्युम पाइप आणि कनेक्टर काढा, पकडणारा बोल्ट काढा, डिस्ट्रीब्युटर सरळ बाहेर ओढा. गिअर तिरक्या दात्यांचा असल्यामुळे बाहेर येताना रोटर थोडा फिरतो. थांबल्यावर तो कुठे आहे त्याचीही दुसरी खूण करा, परत घालताना तिथूनच सुरुवात करायची. बाहेर असताना क्रँक अजिबात फिरवायचा नाही.

जुनी ओ-रिंग चपटी आणि टणक झालेली असते, नखाने दाबली तर खूण उमटत नाही. गळती केवळ तिथून असेल तर नव्या ओ-रिंगला ऑइल लावून बसवा, काम संपलं. जिथे ती सरकते ती भिंत मात्र बारीक पॉलिश पेपरने नव्हे, कापडाने पुसा. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवी ओ-रिंगही सोडते.

केसच्या सांध्यातून गळत असेल तर केस काढावी लागेल. बोल्ट थोडेच आहेत, पण फायरवॉलकडचा हात जायला त्रास देतो. लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट हवा. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या खरवडीने काढा. लोखंडी पातं लावू नका. दोन्ही पृष्ठभाग कार्बोरेटर क्लीनरने कोरडे करा. नवं पॅकिंग, बोल्ट हाताने बसवून मग थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे.

केस परत लावल्यावर तिच्यात ६० मिली इंजिन ऑइल ओतायचं. सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट दिलंय आणि हमखास सुटणारी पायरी हीच. केस रिकामी राहिली तर वरून ऑइल पोहोचेपर्यंत गिअर कोरडा फिरतो आणि दात झिजतात. औषधाच्या मापाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने मोजून घाला.

टॅपेट कव्हर: जुनं पॅकिंग काढून खाच पूर्ण स्वच्छ करा. कव्हर काचेवर उलटं ठेवून कड सपाट बसते का बघा. रबरी पॅकिंगला सगळीकडे सिलिकॉन चोपडायचं नाही, कोपऱ्यांच्या वळणांवर आणि खाली दोन भागांचा सांधा येतो तिथे डाळीच्या दाण्याएवढा ठिपका बस. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेला, ४ ते ५ न्यूटन मीटर. हा टॉर्क इतका कमी आहे की मोठा टॉर्क पाना त्याला क्लिक होण्याआधीच आटे सोडतो. छोटा रॅचेट मुठीत धरून, मनगटाच्या जोरावर, पॅकिंग जरा दबेपर्यंत. कव्हर उघडलंच आहे तर टॅपेटही तपासून घ्या.

शेवटी टायमिंग लाइट लावून इग्निशन टायमिंग बघा. खुणेवर बसवलं तरी एक-दोन अंशांचा फरक राहतोच.

डोंगरगाडी :
धुऊन, पावडर टाकून पाहिलं. डिस्ट्रीब्युटरच्या केसचा खालचा सांधा ओला, तिथून ओघळ थेट बेल हाउसिंगवर. पीसीव्ही व्हॉल्व्ह चिकटलेला होता. प्लेटच्या आत फ्लायव्हीलची कड कोरडी आहे, गाडी तापवून बघितलं तरी. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १३ च्या आसपास. पुढच्या बाजूला मात्र टायमिंग कव्हरच्या आतून ओल येतेय हे नक्की. आणि चेंबरचे काही बोल्ट हाताने फिरतात. या दोन्ही कामांचं सांगा.

तेलकट_हात :
पुढचं पुढे ढकलू नका. टायमिंग बेल्टला ऑइल लागलं की रबर फुगतं, दात सुटतात आणि बेल्ट कधी जाईल सांगता येत नाही.

आत दोन सील आहेत. वरचं कॅमशाफ्टचं, खालचं क्रँकचं जे ऑइल पंपाच्या अंगात बसतं. कव्हर काढल्यावर ओल कॅम पुलीच्या मागून सुरू होते की फक्त खाली आहे ते बघा, पण बदलायची दोन्ही, बेल्टसकट. तेवढी खोलाखोल परत कोण करणार? टेन्शनरचं बेअरिंग खरखरत असेल तर तेही.

रेडिएटर आणि फॅन काढला की समोरून हात बसतो. क्रँकची पुली छोट्या बोल्टांवर असते, ती निघते. मधला मोठा बोल्ट सोडवायला फ्लायव्हीलचे दात खालच्या प्लेटच्या जागेतून अडकवा. गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबण्याची युक्ती ट्रान्सफर केसमुळे या गाडीत ढिली पडते. बेल्ट काढण्याआधी खुणा जुळवा. कॅम पुलीची खूण मागच्या कव्हरवरच्या व्ही खुणेसमोर, क्रँक पुलीचा ठोका ऑइल पंपावरच्या बाणासमोर. फोटो काढून ठेवा.

सील काढताना स्क्रू ड्रायव्हर शाफ्टला लागू द्यायचा नाही. सीलच्या पत्र्यात छोटा स्क्रू आवळून पक्कडीने ओढणं सगळ्यात सुरक्षित. शाफ्टवर ओठाने पाडलेली खाच नखाला लागते का बघा. लागत असेल तर नवं सील जुन्याच्या खोलीवर न ठोकता, जागा असेल तर मिलिमीटरभर पुढे किंवा मागे ठेवा, म्हणजे ओठ नव्या जागी चालेल. ओठाला ऑइल लावा, बाहेरच्या कडेला काही नको. सीलच्याच मापाचा बॉक्स किंवा पाइपचा तुकडा घेऊन चारी बाजूंनी सारखं ठोका. सील तिरकं बसलं तर नवं असूनही गळतं. घेताना जुन्या सीलवरचे आकडे दुकानात दाखवा. व्हायटॉनचं मिळालं तर घ्या, उष्णतेला नायट्राइलपेक्षा जास्त टिकतं. सीलच्या रंगावरून मात्र ठरवू नका.

नवा बेल्ट चढवताना मॅन्युअल टॅपेटचे स्क्रू पूर्ण ढिले करायला सांगतं, म्हणजे कॅम मोकळा फिरतो आणि टेन्शन बरोबर बसतं. बेल्ट चढवून क्रँक हाताने सुलट दोन फेरे फिरवा, खुणा परत जुळतात याची खात्री करा, मग टेन्शनर आवळा आणि टॅपेट नव्याने लावा. कॅम पुलीच्या बोल्टला ५० ते ६० न्यूटन मीटर. क्रँकच्या मधल्या बोल्टचा टॉर्क जुन्या-नव्या बोल्टनुसार बदलतो, तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्या आणि अंदाजाने सोडू नका. हा बोल्ट ढिला राहिला की पुली चावीवर (पुलीला शाफ्टवर अडकवणारा लोखंडी तुकडा) ठोके खाते, चावीची खाच रुंदावते आणि टायमिंग सरकतं. खाच खराब झालेला क्रँक घरी नीट होत नाही.

मिरज_वर्कशॉप :
चेंबरचे बोल्ट हाताने फिरतात म्हणून नुसते आवळू नका. जुनं सिलिकॉन सुटलेलं असतं, आवळल्यावर पत्र्याची कड भोकांभोवती वर फुगते आणि दोन बोल्टांच्या मधे फट पडते. खोलून नीटच करा.

पुढचा ॲक्सल आड येतो. जॅक चासिसला लावून पुढचा भाग उचला, घोड्या चासिसच्या पट्ट्यांखाली, मागच्या चाकांना ठोकळे, म्हणजे ॲक्सल खाली लोंबतो आणि हात फिरायला जागा होते. त्यानेही पुरेना झालं तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोडा. ऑइल गरम असताना काढून रात्रभर निथळू द्या. ठिबकत असताना सिलिकॉन कधीच धरत नाही. चेंबर चिकटलेला असेल तर पातळ पटाशी कडेने फिरवा, मधे घुसवून उचकटू नका.

खाली आल्यावर कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून फुगलेली भोकं हातोडीने सपाट करा. वर बघा: ऑइल पंप आणि मागच्या सीलची पट्टी (सील ज्यात बसतं ती प्लेट) यांच्या पॅकिंगची टोकं ब्लॉकच्या सपाटीच्या खाली डोकावतात का? डोकावत असतील तर धारदार पात्याने ब्लॉकबरोबर कापा. एवढासा तुकडा राहिला की चेंबर तिथे उचललेला राहतो, आणि तुम्ही कितीही सिलिकॉन भरा, बरोबर त्या कोपऱ्यातून गळणार. ब्लॉक आणि पंपाचा, ब्लॉक आणि मागच्या पट्टीचा सांधा, या चार जागांवर थोडं जास्त सिलिकॉन द्या. बाकी कडेवर तीन-चार मिलिमीटर जाडीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त नको. दाबून आत गेलेले सिलिकॉनचे गोळे सुटतात आणि ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात. तीच जाळी आता समोर आहे, धुऊन घ्या, तिची ओ-रिंग बदला.

बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत, ९ ते १२ न्यूटन मीटर. ड्रेन प्लगला नवा वायसर, ३० ते ४०. ऑइल भरण्याआधी ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या, शक्यतो २४ तास. फिल्टर बदलताना जुन्याचं रबर बैठकीवर चिकटून राहिलं नाही ना ते बोटाने चाचपा. दोन रबरांवर बसलेला फिल्टर रस्त्यात सगळं ऑइल ओकतो. एकूण साडेतीन लीटरच्या आसपास बसतं, पण तीन लीटर घालून पुढचं डिपस्टिकवर.

मागचं सील कोरडं आहे तर आता तसंच राहू द्या. पुढे क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा न विचारता बदला. जिप्सीत ट्रान्सफर केस वेगळी असल्यामुळे गिअरबॉक्स एकटाच उतरतो, तरी दोन माणसं हवीत. तेव्हा सीलची पट्टी काढून टेबलावर सील बसवा. क्रँकवर चढवताना प्लास्टिकच्या बाटलीची पट्टी कापून क्रँकच्या कडेभोवती गुंडाळा, ओठ तिच्यावरून सरकवा, मग पट्टी ओढून घ्या. ओठ दुमडला की पहिल्याच दिवशी गळती.

चिखलवाट :
२०डब्ल्यू५० टाकून किंवा बाजारातलं 'स्टॉप लीक' टाकून भागणार नाही का? मोठं काम पावसाळ्यानंतर करता येईल.

तेलकट_हात :
जाड ऑइलने ठिबकण्याचा वेग कमी होईल, वाट तीच राहील. स्टॉप लीक रबर फुगवतं. सील थोडं आकसलेलं असेल तर काही दिवस फरक दिसतो, केसच्या गेलेल्या पॅकिंगवर किंवा चेंबरच्या सिलिकॉनवर त्याचा काही उपयोग नाही, आणि यांच्या गाडीत मोठी गळती तिथेच आहे. पावसाळ्याआधी निदान पीसीव्ही आणि डिस्ट्रीब्युटर उरकून घ्या, दोन्ही मिळून एका दिवसाचं काम. बेल्टला ऑइल लागलेलं दिसलं तर पुढची बाजूही लगेच. चेंबर थांबू शकतो, रोज सकाळी डिपस्टिक बघायची सवय असेल तर.

पावसाळ्यात ओढे ओलांडणार असाल तर दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर (हवा ये-जा करायची तोंडं) मोकळे आहेत का तेही पाहून ठेवा. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला आणि ब्रीदर बुजलेला असला की पिनियन सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधट दिसलं तर लगेच बदला.

मिरज_वर्कशॉप :
आणि डिस्ट्रीब्युटर झाल्यावर बेल हाउसिंग बाहेरून पुन्हा धुवा, खालची प्लेट चार-सहा दिवस काढूनच ठेवा, म्हणजे आत काही येतंय का ते झोपून बघता येईल. चिखलात जाणार असाल तर मात्र प्लेट लावूनच जा, दगड फ्लायव्हीलच्या दातांत अडकतो. काढलेलं जुनं ऑइल डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला द्या, बहुतेक ठिकाणी घेतात.